परत न घेतलेला तांब्या

येळवस तोंडावर आली की धाराशिवच्या बाजारात पाय ठेवायला जागा राहत नाही. तुरीच्या ओल्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, वाटाणा, पातीचा कांदा, मेथी, हिरव्या चिंचा, सगळं रस्त्याच्या दोन्ही अंगांना ढिगानं पडलेलं असतं. घासाघीस करणाऱ्या बायकांच्या पिशव्यांतून हिरवा वास येत असतो. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्या भागात कुणी घरात थांबत नाही. गावंच्या गावं रानात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडून पांडवांची पूजा करायची, शिवारात आंबील शिंपडत फिरायचं आणि मग ह्याच हिरव्या शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या आणि ताक घालून आंबवलेली ज्वारीची आंबील, पोट फुटेस्तोवर. आमच्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर आधीपासून दुसरा विषय नसतो. कुणीतरी मलाही विचारतं, "मॅडम, यंदा तुमचं कुणाच्या शेतात?"

विचारणारा भला असतो. आम्हाला शेत नाही हे त्याला ठाऊक नसतं, आणि 'कुणाच्या शेतात' ह्या दोन शब्दांनी माझ्या डोक्यात काय काय उठतं हेही त्याला ठाऊक असायचं कारण नाही. मी "बघू" म्हणते आणि तपासायला घेतलेली वही पुढं ओढते. राग माझ्या नाकावरच असतो. गयाआत्या म्हणायची, "ह्या पोरीच्या नाकावर मिरच्या वाळत घालाव्या, ऊन लागायचं न्हाय."

गयाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. यंदा येळवशीच्या आधी ती मला माझ्या फोनवर दिसली. जाऊन चार-पाच वर्षं झाली तिला. गावाकडच्या कुणीतरी फ्लेक्सचं चित्र पाठवलं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'समतेची माउली गयाबाई स्मृतिदिन सोहळा'. खाली उजवीकडं, डावीकडं आणि मध्येसुद्धा शुभेच्छुकांची तोंडं, पांढरे सदरे, काळे गॉगल, कानाला लावलेले फोन. त्या गर्दीत आत्या शोधावी लागली. सापडली तेव्हा ओळखू येईना. आत्या काळी होती, चांगली काळीभोर, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. फ्लेक्सवाल्यानं तिला गोरी केलं होतं. ओठही लाल केले होते. जन्मभर जिनं स्वतःचा रंग आणि स्वतःची जागा लपवली नाही, तिला मेल्यावर पावडर लावून उभं केलं होतं.

खाली येळवशीचीच तारीख आणि कार्यक्रम लिहिला होता. मान्यवरांची भाषणं. ऐतिहासिक तांब्याचं पूजन आणि स्मारक समितीस अर्पण. त्यानंतर समता भोजन. आणि सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरांत: 'कार्यक्रम प्लास्टिकमुक्त आहे. कृपया येताना ताट, वाटी, तांब्या सोबत आणावा.'

ही ओळ मी दोनदा वाचली आणि फोन पलंगावर फेकला. ह्या लोकांना आत्या मुळीच कळली नव्हती. तिच्या नावाच्या सोहळ्याला 'भांडं घेऊन या' असं सांगायला एक तर फार निबर मन लागतं, नाही तर फार रिकामं डोकं.

का, ते सांगते.

माकणीच्या धरणाच्या अलीकडं आमचं गाव. वस्ती वेशीच्या बाहेर. वडील शिवलिंगअप्पांच्या शेतात सालगडी होते, माय आणि आत्या तिथंच खुरपायला जायच्या. आत्या नवऱ्यामागं माहेरी परत आलेली. आवाज बारीक, अंगानं काटकुळी. ती कधी भांडली नाही. ती बसायची. पिठाच्या गिरणीत आमच्या बायकांचं दळण सगळ्यांच्या शेवटी घेत. आत्या एकदा आपली पाटी मांडीवर घेऊन गिरणीच्या दारात बसली आणि उठलीच नाही. शिवी नाही, गाऱ्हाणं नाही. गिऱ्हाइकांना तिला ओलांडून आत जावं लागलं. चौथ्या दिवशी गिरणीवाल्यानं वैतागून पाटी उचलून आत नेली. पुढं लोहारा-उमरग्याकडच्या बायका तिला 'बसणारी बाई' म्हणून ओळखायच्या. कुठं मसणवाट अडवली, कुठं पाणवठ्यावर हटकलं, की तिला बोलावणं यायचं. आत्या पिशवीत भाकरी घालून निघायची आणि जाऊन बसायची. सोबतीला येणाऱ्यांना तिचं एकच सांगणं असायचं, "हात जोडून बसायचं. हात उगारायचा न्हाय आन पसरायचा बी न्हाय."

ती येळवस माझ्या चौथीच्या वर्षातली. थंडी कडक होती. शाळू कमरेच्या वर गेला होता आणि पहाटे त्याच्या पानांवरून हात फिरवला तर कोपरापर्यंत भिजायचा. येळवशीला मालकांनी आपल्या गड्यांना रानात जेवायला बोलवायचं ही जुनी रीत. ती चांगली रीत आहे असं अजूनही सगळे सांगतात. त्या दिवशी रानात आलेला माणूस उपाशी परत गेला तर रान रुसतं, आणि आलेला माणूस जेवल्याशिवाय मालकानं घास तोंडात घ्यायचा नाही. काय सुंदर रीत. पण रीतीला शेपूट होतं ते कुणी सांगत नाही. आम्ही बांधावर बसायचं. घरून आपापली जर्मनची ताटं आणि वाट्या न्यायच्या. मालकीण वाकून, हात लांब ठेवून वरून वाढणार. मालकाच्या भांड्याला आमचा हात लागायचा नाही. पोटभर मिळायचं, नाही म्हणत नाही. भज्जीचा घमेलाभर ढीग असायचा. पण ते खाताना माय मान वर करत नसे, हे मला त्या वयातही दिसायचं.

त्या साली आदल्या दिवशी आत्या वस्तीतल्या घराघरांत जाऊन आली. "उद्या समद्यांनी जायचं. ज्याला जिथं बोलावणं हाय तिथं जायचं. पर भांडं न्यायचं न्हाय. ताट न्हाय, वाटी न्हाय, लेकराच्या हातात पेला बी न्हाय."

माय म्हणाली, "मग खायाचं कशात?"

"त्यांच्यात हायत की भांडी."

मायनं कपाळाला हात लावला. वडील उठून बाहेर गेले. सालगड्याला बोलायला जागाच कुठं असते.

आम्ही रिकाम्या हातानं निघालो. हे लिहायला सोपं आहे. पण आयुष्यभर येळवशीला ताट काखेत मारून जाणाऱ्या माणसाला हात मोकळे टाकून चालताच येईना. माय सारखी पदराशी चाळा करत होती. रानात पोचलो तेव्हा पूजा झालेली. अप्पा शिवारात आंबील शिंपडत फिरत होते आणि त्यांच्यामागं पाव्हणे ती कानडी वळणाची आरोळी देत होते, जिचा अर्थ आता कुणालाच सांगता येत नाही. कोपीसमोर अप्पांच्या आई बसलेल्या. भज्जीचा वास सगळ्या रानात पसरला होता. आम्ही बांधावर बसलो.

अप्पांची बायको गुरुबाई वाढायला आल्या. गोऱ्या, हसऱ्या, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी दिवस राहिलेले, त्यामुळं जरा जपून चालणाऱ्या. त्या थबकल्या. मागं वळून त्यांनी अप्पांकडं बघितलं.

"भांडी कुठं हायत रं?" अप्पांनी वडिलांना विचारलं.

उत्तर आत्यानं दिलं. "आणली न्हायीत अप्पा. तुमच्याकडं हायत की."

अप्पा आधी हसले. त्यांना वाटलं, विसरलो. मग म्हणाले, एखाद्या पोराला घरी पळवा. आत्या म्हणाली, पोरं भुकेली हायत, पळायची न्हायीत. मग अप्पांनी पळसाची पानं तोडून आणायला सांगितली. आत्या म्हणाली, "पानावर आंबील ठरत न्हाय. ती कशात देणार?"

"ओंजळीत घ्या," कोपीजवळून अप्पांच्या आई ओरडल्या.

आत्यानं दोन्ही हात जोडले. तिचं बघून मायनं जोडले, वडिलांनी जोडले, मीही जोडले. जोडलेल्या हातांची ओंजळ होत नाही. मला वाटलं होतं आपण नमस्कार करतोय.

मग सुरू झालं ते वाट बघणं. आम्ही जेवत नव्हतो म्हणून त्यांना जेवता येईना. उमरग्याचे पाव्हणे येऊन बसलेले, पोळ्या गार पडायला लागलेल्या. कुणी समजावून गेलं, कुणी दम देऊन गेलं. अप्पा म्हणाले, "उद्यापासून कामावर यायचं न्हाय." आत्या म्हणाली, "बरं." एवढंच. दुसऱ्या रानांतूनही बातम्या येत होत्या, तिथंही आमची माणसं अशीच बसलेली. एका ठिकाणी मालकानं आंबिलीचं मडकं लाथेनं फोडलं. आमच्यातला एक तरुण गडी उठायला लागला तर त्याच्या आईनंच त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं.

ऊन उतरलं. माझ्या पोटात खड्डा पडला होता आणि भज्जीच्या वासानं डोळ्यांत पाणी येत होतं. लेकरं रडून रडून झोपली. मी आत्याला म्हटलं, "आपण हरलाव का?" ती म्हणाली, "आपल्याला उपाशी राहायची सवय हाय. त्यांना न्हाय. बघ."

सूर्य शाळूच्या कणसांवर टेकला तेव्हा गुरुबाईंना भोवळ आली. त्या कोपीला धरून खाली बसल्या. मग मात्र अप्पांच्या आई घाबरल्या. नवसाचं पोर पोटात. "द्या बया, काय द्यायचं ते द्या," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. गुरुबाई उठल्या. स्वतःचा पितळी तांब्या त्यांनी आंबिलीच्या बिंदग्यात, चुना आणि काव लावून रंगवलेल्या मोठ्या मातीच्या माठात, बुडवला आणि भरलेला तांब्या घेऊन बांधावर आल्या. वाकल्या नाहीत, हात लांब ठेवला नाही. आत्यासमोर खाली बसल्या.

आत्यानं तांब्या घेतला. वरून ओतून प्यायची आपल्याकडं रीत, पण आत्या तोंड लावून प्याली. अर्धा ठेवला आणि परत दिला. "आता तुमी, अक्का."

गुरुबाईंनी एकदा सासूच्या पाठीकडं बघितलं. मग त्यांनी तांब्याला तोंड लावलं आणि उरलेली आंबील घटाघटा पिऊन टाकली. भूकच तेवढी होती. त्यानंतर मालकाच्या घरची ताटं आली आणि आम्ही जेवलो. तशी भज्जी मी पुन्हा खाल्ली नाही.

इथवरची गोष्ट फ्लेक्सवाल्यांनाही ठाऊक आहे. ती त्यांनी छापलीसुद्धा आहे, थोडी पावडर लावून. त्यांच्या पत्रकात लिहिलंय की 'मालकिणीने मोठ्या मनाने आपला तांब्या गयाबाईंना भेट दिला.'

भेट.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा दुसरा गडी आमच्या दारात आला. तांब्या त्यानं ओट्यावर ठेवला. म्हणाला, "मालकिणीनं दिलाय, ठिवून घ्या." आत्या तांब्याकडं बघत राहिली. तिला लगेच कळलं. गुरुबाईंना रानातून आल्यावर अंगणातच डोक्यावरून पाणी घ्यायला लावलं होतं, हे दुपारपर्यंत वस्तीत आलं. माणूस धुऊन घरात घेता येतो. तांब्या त्यांनी धुऊनही घेतला नाही.

माय म्हणाली, "चांगला जड हाय. राहू द्या, पाणी प्यायला हुईल."

"त्यात पाणी प्यायचं न्हाय," आत्या म्हणाली. "त्यो आपला न्हाय. ज्यांचा हाय त्यांच्या घरात गेला पाह्यजे. जवर त्यो त्यांच्या चुलीपाशी जात न्हाय, तवर आपली येळवस झाली असं म्या म्हननार न्हाय."

आणि ती खरंच तसं वागली. दरवर्षी येळवशीच्या आधी आत्या तो तांब्या चिंच लावून घासायची. मग मुरूमच्या बाजारात जाऊन कल्हई करून आणायची. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या पितळेत कळकतो, म्हणून. मुरूमला रसूलचाचा कल्हईवाले होते. मी एकदा बरोबर गेले होते. चाचांनी तांब्यात डोकावून बघितलं. "गयाबाई, पिछली कल्हई जशीच्या तशी हाय की. वापरत न्हाय तर कशापायी करता?"

"ज्यांचा हाय त्यांनी घेतला तर लगेच वापरता आला पाह्यजे," आत्या म्हणाली. "त्यांना सबब नगं."

चाचांनी पुढं कधी विचारलं नाही. भाता लावला आणि कापसाच्या बोळ्यानं तांब्याच्या पोटात चांदीसारखी चकाकी फिरवली.

येळवशीला बाकी रिकाम्या हातानं जाणारी आत्या तेवढा एक तांब्या घेऊन अप्पांच्या कोपीपुढं उभी राहायची. "अक्का, तुमचा तांब्या." आणि दरवर्षी तिला नाही म्हणायचे, इतक्या गोडीनं की चिडायचीसुद्धा सोय नसायची. अप्पा म्हणायचे, असू द्या की, तुमालाच दिलाय. गुरुबाई मान खाली घालायच्या. पुढं अप्पा गेले. त्यांचा मुलगा बसवराज, त्या दिवशी आईच्या पोटात उपाशी असलेला, मोठा झाला, राजकारणात गेला. तो म्हणायचा, "आत्या, आता कुठं राहिलीय जातपात? घरात स्टीलची इतकी भांडी पडलीत. हा तुमच्याकडंच शोभतो." आम्हाला आता कोपीत बसवून जेवायला घालत होते, हे मला नाकारायचं नाही. स्टीलची ताटं असत. पण तांब्या घेत नव्हते. आत्या तो उचलायची आणि परत आणायची. मी तिला विचारलं होतं, एवढ्याशा तांब्यासाठी कशाला जीव काढतेस? ती म्हणाली, "मोठं समदं मिळतं बाय. मतं पाह्यजे असली की खुर्ची बी मिळती. ह्यो बारका हाय म्हून ह्याच्यातच खरं कळतं."

शेवटच्या आजारात तिनं मायला एवढंच सांगितलं, "तांब्या तेवढा पोचवा."

आणि आता हे लोक त्या तांब्याला काचेच्या पेटीत ठेवणार होते. बसवराज स्मारक समितीचा अध्यक्ष. त्यानं मला फोन केला. "ताई, पेटी सोलापूरला बनवायला टाकलीय. आतून लाईट. तांब्या काकूंकडनं तेवढा घेऊन या. मीडियावाले येणार आहेत."

"विचारलंस का मायला?"

"त्यात विचारायचं काय? त्यांना आनंदच होईल."

माझा आवाज चढला. मी म्हटलं, तुझ्या घरानं जो तांब्या उंबऱ्याच्या आत घेतला नाही त्याची पूजा करायला तुला लाज कशी वाटत नाही? तो शांत होता. पुढाऱ्यांना शांत राहायचं छान जमतं. "ताई, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. आम्ही उलट त्याचा सन्मानच करतोय."

माझ्या संतापाची नस इथंच आहे. आधी म्हणाले, विटाळलाय, ठेवून घ्या. मग म्हणाले, भेट दिलाय, ठेवून घ्या. आता म्हणतात, पवित्र आहे, काचेत ठेवा. शब्द बदलले, तांब्या मात्र त्यांच्या स्वयंपाकघरापासून तितकाच लांब राहिला. आत्याचंही तेच. आधी तिला बांधावर बसवलं, मेल्यावर फ्लेक्सवर चढवलं. मधे जी एक जागा असते, शेजारी, मांडीला मांडी लावून, ती तिला द्यायची त्यांची तयारी नव्हती. हार घालायला दोन मिनिटं लागतात. तिनं मागितलेलं करायला चाळीस वर्षं पुरली नाहीत.

मी मायला म्हटलं, जायचंच नाही. माय चिंचेचा कोळ करत बसली होती. "का न्हाय जायचं? येळवस हाय. आपल्याला बोलावलंय." रसूलचाचा आता नाहीत, त्यांच्या मुलानं कल्हईचं दुकान बंद करून मोबाईलचं काढलंय. पण मायनं त्याला गाठलं आणि त्यानं माळ्यावरून भाता काढून तेवढा एक तांब्या करून दिला.

अप्पांच्याच रानात मांडव घातला होता. कर्ण्यावर गाणी. वस्तीतली आमची माणसं ताट, वाटी, तांब्या घेऊन आली होती, पत्रकात लिहिलं होतं म्हणून. पिशव्यांतून भांडी वाजत होती. कोपीजवळ पाव्हण्यांसाठी घरची स्टीलची ताटं मांडून ठेवलेली, कारण मान्यवर काही घरून ताट घेऊन येत नाहीत. मी हे बघितलं आणि मायचा दंड दाबला. ती म्हणाली, "दिसतंय मला."

भाषणं झाली. एकानं आत्याच्या अहिंसेवर बोलताना टेबलावर इतक्या जोरात मूठ आपटली की फुलदाणी पडली. बसवराजनं पुकारलं, "आता काकूंनी ऐतिहासिक तांब्या घेऊन मंचावर यावं." लाल मखमलीचं ताट तयार होतं. हार तयार होता.

माय उठली आणि मंचाकडं न जाता सरळ कोपीकडं चालायला लागली. मी तिच्या मागं. कोपीच्या तोंडाशी खुर्चीवर गुरुबाई बसल्या होत्या. थकलेल्या, डोळ्यांत मोतीबिंदू, अंगावर शाल. मायनं पदराखालून तांब्या काढला आणि आंबिलीच्या बिंदग्यात बुडवला. कुणी काही म्हणायच्या आत तोंड लावून दोन घोट घेतले. मग गुरुबाईंच्या हातात दिला.

"काकू, इकडं. मंचावर," कर्ण्यातून बसवराजचा आवाज आला.

गुरुबाईंची बोटं तांब्याच्या गळ्याखाली फिरत होती. तिथं नाव कोरलेलं आहे, लग्नातल्या भांड्यांवर असतं तसं. त्यांना दिसत नव्हतं, पण बोटांना वाचता आलं. "माझ्या बाचं नाव हाय ह्यावर," त्या म्हणाल्या. "कोन हाय?"

"म्या कौसा. गयाबाईची भावजय."

त्यांनी पुन्हा एकदा त्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "कौसे, म्या दिला न्हवता गं. त्या दिशी सासूनं ह्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाय. मागनं मलाच धीर झाला न्हाय. माझ्या म्हायेरची येवढी एक चीज हुती."

"म्हाईत हाय अक्का. म्हून तर दरसाल आणत हुताव."

तोवर बसवराज घाईनं येऊन पोचला होता, मागं फोटोवाले. त्यानं हसत हात पुढं केला. "आई, दे तो इकडं. तुला शुगर आहे, आणि जुना तांब्या, कशाला उगाच."

"कल्हई कालच केलीय," माय म्हणाली.

गुरुबाईंनी तांब्या दोन्ही हातांनी धरला आणि तोंडाला लावला. थोडी आंबील हनुवटीवरून शालीवर ओघळली. संपेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही. फोटोवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं. बसवराजनं त्यांना हातानंच नको म्हटलं होतं. मग गुरुबाईंनी रिकामा तांब्या मांडीवर घेतला, त्यावर शाल ओढली आणि आपल्या सुनेला सांगितलं, "कौसाला घरचं ताट दे. आन वस्तीतल्या समद्यांना बी. ती भांडी घेऊन जा म्हनावं परत."

सगळ्यांना पुरतील एवढी ताटं नव्हती. मग काही जण थांबले, काहींनी एका ताटात दोघं असं केलं. मान्यवरांतले दोघे-तिघे काम आहे म्हणून निघून गेले. भाषणात मूठ आपटणारे त्यांत होते.

माझा राग गेला असं समजू नका. एका म्हाताऱ्या बाईनं जे केलं ते करायला तिला आयुष्य खर्ची घालावं लागलं, आणि ते बघायला आत्या नव्हती. तो फ्लेक्स अजून चौकात लटकतोय, गोऱ्या आत्यासकट. पण त्या संध्याकाळी शाळूच्या वाटेनं परत येताना माय माझ्या पुढं चालत होती आणि तिचे दोन्ही हात मोकळे होते. ती पदराशी चाळा करत नव्हती.

आठवड्यानं बसवराजचा फोन आला. ह्या वेळी आवाजात शांतपणा नव्हता. "ताई, पेटी आलीय. उद्घाटनाची तारीख जाहीर केलीय. पण आई तांब्या सोडत नाही. चुलीपाशी घेऊन बसते, पाणीसुद्धा त्यातच मागते. काकूंना जरा सांगा तिला समजवायला. पेटी रिकामी ठेवून कसं चालेल?"

मी फोनवर हात ठेवला आणि मायला विचारलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

"रिकामीच राहू दे म्हनावं."